ससा घाण करतो म्हणे!

आपल्या खर्चाचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाडण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. त्यातही दुसरा जर माणूस असला तर तो निदान भांडतो, चार शब्द ऐकवतो, प्रसंगी पोस्टकार्ड टाकतो. जनावराचं तसं नाही. ते बिचारं कान हलवून गप्प बसतं. त्यामुळे दिवाणखान्यात वास आला की "मांजर घाण करतं", गॅलरीत वास आला की "पाखरं घाण करतात", आणि गच्चीवर वास आला की "ससा घाण करतो" असा निकाल लागून मोकळा होतो. "आम्ही पिंजरा धूत नाही" असं वाक्य मी आजवर एकाही सभ्य मराठी घरात ऐकलेलं नाही. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही अवघड आहे असंही नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना लेख शेवटपर्यंत वाचायचे कष्ट नकोत. पिंजऱ्यातला प्राणी घाणेरडा नसतो. घाणेरडा जो कोणी असतो तो पिंजऱ्याबाहेर, आरामखुर्चीत, पेपर वाचत असतो.

हे सगळं डोक्यात यायला कारण झाले आमचे शिरूरचे साडू, नाना. आम्ही दौंडचे, ते शिरूरचे. मध्ये भीमा. शिरूरला खेटून घोड नदी वाहते, म्हणून जुनी माणसं त्या गावाला अजून घोडनदीच म्हणतात. ती घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमा आमच्या दौंडावरून जाते. म्हणजे शिरूरकरांनी नदीत जे काही सोडलं असेल ते यथावकाश आमच्याकडे पोचतं. नानांच्या आणि माझ्या संबंधांचं इतकं नेमकं वर्णन भूगोलाशिवाय दुसऱ्या कुठल्या विषयाला जमणार नाही.

तर नानांनी नातवाच्या वाढदिवसाला ससा आणला. पांढरा, लाल डोळ्यांचा. नाव ठेवलं कापशा. विकणाऱ्याने सोबत अडीच फूट लांब, दीड फूट रुंद असा तारेचा पिंजरा दिला आणि "काही खर्च नाही साहेब, गाजर खातो" एवढी माहिती दिली. खुर्ची विकताना सुद्धा माणूस यापेक्षा जास्त बोलतो. पिंजरा गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली गेला. पहिला आठवडा नातू दिवसातून दहा वेळा वर जात होता, दुसऱ्या आठवड्यात दोनदा, आणि तिसऱ्या आठवड्यापासून फक्त ताई जात होत्या. ताई म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण. त्या जात होत्या कारण कोणीतरी जायलाच हवं होतं, आणि आपल्या घरांतून "कोणीतरी" या सर्वनामाचा अर्थ गेली कित्येक शतकं एकच आहे.

तीन महिन्यांनी मी चौफुल्यावरून न्हावरेमार्गे एस.टी.ने शिरूरला पोचलो तेव्हा नानांनी चहाबरोबर निर्णय ऐकवला.

"अण्णा, तो ससा आता सोडून द्यायचा. फार घाण करतो हो. वास बघा केवढा! शेजारचे सुद्धा बोलायला लागले."

"सोडायचा म्हणजे कुठे?"

"नदीकाठी उसात. निसर्गात जाईल बिचारा. मोकळा होईल."

निसर्गात! या एका शब्दाखाली आपण किती पापं झाकतो पाहा. हा पांढरा पाळीव ससा मुळात युरोपातल्या सशाचा वंशज. त्याचे खापरपणजोबा बिळं खणून राहायचे. आपल्या माळरानावरचा ससा निराळाच. तो मातकट रंगाचा, लांब टांगांचा, उघड्यावर गवतात दबा धरून बसणारा. शत्रू दिसला की तो वाऱ्यासारखा पळतो. कापशाला पळण्याची सवय अडीच फुटांची. त्यातून रंग असा की अमावास्येला सुद्धा लांबून दिसावा. आणि शिरूरच्या उसात कोण राहतं हे नानांना मी सांगायला हवं होतं का? जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात बिबट्यांच्या पिढ्या उसात जन्मल्या आहेत. माणसं संध्याकाळी एकटी शेतात जायला घाबरतात, आणि नाना कापशाला तिथे "मोकळा" करणार! बिबट्याला वेळ नसला तर कुत्री आहेतच. याला मोकळं करणं म्हणत नाहीत नाना, याला डबा पाठवणं म्हणतात.

मी चहा तसाच ठेवून गच्चीवर गेलो. वास होता, नाही म्हणत नाही. डोळे चुरचुरावेत असा. पण वासाची चौकशी नाकाने नाही, डोळ्यांनी करायची असते. पिंजऱ्यात पाहिलं तर एका कोपऱ्यात, फक्त एकाच कोपऱ्यात, लेंड्यांचा ढीग आणि लघवीचा पांढरा खरपुडा. उरलेला सगळा पिंजरा जवळजवळ कोरडा. त्या जनावराने कोणीही न शिकवता स्वतःची मोरी ठरवली होती आणि तीन महिने ती इमानाने पाळली होती. त्या घरात एवढी शिस्त दुसऱ्या कोणाला होती म्हणाल तर मी नावं घेत नाही. आतला एक सदस्य पंख्याखाली ओला टॉवेल पलंगावर टाकून झोपला होता.

सशाच्या लेंड्या कोरड्या असतात, त्यांना वास जवळजवळ नसतोच. वास मारते ती साचलेली लघवी. ती कुजली की अमोनिया तयार होतो, आणि तो शेजाऱ्यांच्या आधी सशाच्या छातीत जातो. त्याचं नाक तर जमिनीपासून दोन इंचांवर. शिवाय सशाच्या पायाला मांजर-कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस असतात. तारेच्या जाळीवर बसून बसून ते झडतात आणि तळपाय सोलवटतात. पावसाळ्यात ओल्या, घाणेरड्या पार्श्वभागावर माश्या अंडी घालतात आणि जिवंत प्राण्याला किडे लागतात. म्हणजे पिंजरा न धुण्याची शिक्षा आपल्याला होते ती नुसता रुमाल नाकाला लावण्याची, त्याला होते ती पुरी. वर आरोपीही तोच.

याच सुमारास माझ्या पुतणीचा अमेरिकेहून फोन आला. ती ओहायोत असते. तिने फेरेट पाळला आहे. हा प्राणी आपल्याकडे घरोघरी दिसत नाही. लांबून पाहिलं तर मुंगसाचा मावसभाऊ वाटावा, पण नातं काही नाही, हा पोलकॅटच्या कुळातला. माणसाने ससे आणि उंदीर बिळातून हुसकायला त्याला दोन हजार वर्षांपूर्वीच माणसाळवलं. (तुम्हाला यावरून मुंगूस पाळायची लहर आली असेल तर आवरा. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. तुमच्या गॅलरीतला तो "विठू विठू" म्हणणारा पोपटही त्याच कायद्यात बसतो, हे जाता जाता सांगतो. त्याच्या पिंजऱ्याच्या स्वच्छतेचा प्रश्न पिंजरा रिकामा असला की सुटतो, पण तो वन खात्याच्या हाती देऊन, खिडकी उघडून नव्हे.) पुतणीला कॅलिफोर्नियात चांगली नोकरी चालून आली होती, पण कॅलिफोर्नियात फेरेट पाळायला बंदी आहे, म्हणून तिने ती नाकारली. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या बंधूंनी, या बातमीनंतर दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. मी मात्र पुतणीला मनातल्या मनात नमस्कार केला. इकडे एक गृहस्थ वास येतो म्हणून ससा उसात सोडायला निघाले होते!

मी तिला विचारलं, "तुझा तो प्राणी घाण करतो का ग?"

"काका, तो दिवसाचे चौदा-पंधरा तास झोपतो. उठला की पाच-दहा मिनिटांत त्याला जायचं असतं. तेवढं लक्षात ठेवायचं. कोपरा बघतो आणि रिव्हर्स घेतो."

फेरेट म्हणे कोपऱ्यात तोंड घालत नाही, उलटा उलटा चालत भिंतीला टेकेपर्यंत मागे जातो. म्हणून त्याच्या पाटीला पुढची कड बुटकी आणि मागच्या दोन कडा उंच लागतात. तो जिथे झोपतो आणि खातो तिथे सहसा घाण करत नाही, म्हणून बाकीच्या कोपऱ्यांत एकेक पांघरूण टाकून ठेवलं की त्याला पाटीचाच कोपरा उरतो. पाटी साफ करताना थोडी "खूण" मागे ठेवायची, म्हणजे पत्ता चुकत नाही. तरीही दहातून एखाद-दुसऱ्या वेळी चुकतोच, आणि चुकला तर ओरडायचं नाही. वास कमी व्हावा म्हणून सारखी आंघोळ घातली तर कातडी जास्त तेल सोडते आणि वास उलट वाढतो. धुवायचं ते त्याचं अंथरूण. हे सगळं पुतणीने मला इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर मला वाटलं, आमच्या बंधूंना नातवंड झालं.

रिव्हर्स घेणारा प्राणी म्हटल्यावर आम्हा दौंडकरांना भरून येणारच. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी वर्षानुवर्षं दौंडला थांबायची, इंजिन सुटायचं, फिरून दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी आली तशी उलट्या तोंडाने निघायची. आता कॉर्ड लाईनमुळे बऱ्याच गाड्यांचा हा वळसा वाचला. मी रेल्वेत बुकिंग क्लार्क होतो, त्यामुळे या थांब्याचा एक परिणाम मी रोज पाहत आलो आणि आज तो सांगणं भाग आहे. डब्यातल्या संडासात पाटी लिहिलेली असायची की गाडी स्टेशनात उभी असताना वापर करू नये. पाटी वाचता येणारे, पदवीधर, सहकुटुंब प्रवास करणारे सद्गृहस्थ इंजिन बदलेपर्यंतचा वेळ सत्कारणी लावत आणि त्याचा ठेवा आमच्या रुळांवर सोडून पुढे शिर्डीला जात. आपल्याकडे पहिली आगगाडी धावली 1853 साली. डब्यांना जैव-शौचालयं बसून हा प्रकार बहुतेक थांबला तो 2019-20च्या सुमारास. म्हणजे साधारण 166 वर्षं. तेही माणूस शिकला म्हणून नव्हे, डब्याखाली टाकी बसली म्हणून! ससा दोन-तीन आठवड्यांत शिकतो. आता "घाण कोण करतो" या प्रश्नावर चर्चा करायची असेल तर खुशाल करू.

नानांनी चर्चा केलीच. म्हणाले, "हे तुमचे अमेरिकेचे लाड. तिथे पिशव्यांतून माती विकत मिळते मांजरासाठी. आपल्याला परवडतं का?"

नाना, ती माती आपल्याच स्वयंपाकघराशेजारच्या कपाटात आहे. गोष्ट 1947ची. मिशिगन राज्यात एड लो नावाचा एक तरुण होता. त्याच्या शेजारणीची मांजराची वाळू थंडीत गोठली, राख वापरावी तर मांजर घरभर काळी पावलं उमटवायचं. ती त्याच्याकडे वाळू मागायला आली. त्याने वाळूऐवजी कारखान्यात तेल शोषायला वापरायची एक माती दिली. शेजारीण खूष, मांजर खूष. लो याने ती पिशव्यांत भरून विकायला काढली आणि पुढे कोट्यधीश झाला. ही माती कोणती? जिला आपण मुलतानी माती म्हणतो त्याच जातीची. आपल्या लेकी-सुना लग्नाच्या आदल्या दिवशी जी तोंडाला लावतात, ती अमेरिकेतल्या मांजरांनी पायाखाली घेतली! यात कोणाचा मान आणि कोणाचा अपमान हे मी ठरवत नाही.

आणि वाळूचं म्हणाल तर आमच्या दोन्ही तालुक्यांना वाळूचं महत्त्व कोणी शिकवायला नको. भीमेच्या आणि घोडीच्या पात्रातल्या वाळूसाठी रात्री काय काय चालतं आणि तहसीलदारांची गाडी कुठपर्यंत पाठलाग करते हे शाळेतल्या पोराला ठाऊक असतं. बांधकामासमोर वाळूचा ढीग पडला की गल्लीतली सगळी मांजरं त्याच रात्री त्याचं उद्‌घाटन करतात. खड्डा करतात, काम उरकतात, वरून झाकतात, वास घेऊन खात्री करतात आणि मग जातात. आपण 2014 साली स्वच्छ भारत अभियान काढलं, त्याआधी राज्याने गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान काढलं. त्या मांजराने एकाही अभियानाचं भाषण ऐकलेलं नाही.

तर कापशासाठी काय केलं ते ऐका. यात अमेरिकेचं काही नाही. गवंड्याचं एक प्लॅस्टिकचं घमेलं आणलं. ते, नीट लक्ष द्या, आपल्याला आवडेल त्या कोपऱ्यात नाही, त्याने निवडलेल्या कोपऱ्यात तारेने बांधलं. तळाला जुने पेपर, त्यावर फाडलेल्या कागदाच्या पट्ट्या. वखारीतला बारीक भुसा मुद्दाम नाही घेतला, त्याची धूळ नाकात जाते आणि काही लाकडांचा उग्र वास सशांना बाधतो. वरून मूठभर सुकं गवत. ससा खाता खाता लेंड्या टाकतो, म्हणून चारा घमेल्यातच किंवा त्याच्या कडेवर ठेवायचा. त्याच्याच दोन-चार लेंड्या आत टाकून ठेवायच्या. हा झाला पत्ता. पिंजऱ्याच्या उरलेल्या जाळीवर जुनं गोणपाट. रोज सकाळी घमेलं रिकामं, आठवड्याला सगळा पिंजरा गरम पाण्याने. पांढरा खरपुडा निघत नसेल तर व्हिनेगर, आणि मग उन्हात वाळवण. पहाटे तो खाली वाकून स्वतःच्याच मऊ लेंड्या खाताना दिसला तर किंकाळी मारायची नाही, गाय रवंथ करते तसाच तो प्रकार आहे. मोठा झाल्यावर खच्चीकरण करून घेतलं की सवय आणखी पक्की होते. आणि मुख्य म्हणजे पिंजरा पत्र्याखालून काढून जिन्याच्या सावलीत आणला, कारण आपल्याकडच्या एप्रिलमध्ये पत्र्याखाली ससा नुसता तापत नाही, मरतो.

नानांनी सुचवलं, "त्यापेक्षा फिनेल मारू की रोज! आणि दोन उदबत्त्या."

हा आपला राष्ट्रीय उपाय आहे. घाण काढायची नाही, तिच्यावर वास टाकायचा. संडासाला फिनेल, गटाराला पावडर, देवळाबाहेरच्या कचऱ्याला उदबत्ती. मांजराच्या घरात तर फिनेलसारखी औषधं विषच, ती पायाला लागतात, ते पाय चाटतं आणि यकृत बिघडतं. जनावराला स्वच्छ म्हणजे बिनवासाचं लागतं. आपल्याला स्वच्छ म्हणजे दुसरा वास लागतो.

खरी लढाई मात्र घमेल्याची नव्हतीच. ती होती घमेलं उचलायचं कोणी याची. नानांनी अत्यंत सहजपणे सांगितलं, "मग ही करेल रोज." त्यावर मी काही बोलणार तोच ताई बोलल्या. त्या बोलत नाहीत फारशा.

"मी नाही करणार. ससा आणताना मला विचारलं होतं? नातू तुमचा लाडका, ससा तुमच्या हौसेचा, आणि घमेलं माझं? तीन महिने केलं. आता मी त्याला फक्त गवत घालीन आणि कुरवाळीन. हौस काय ती आता मला करू द्या."

जिन्यात शांतता पसरली. ज्या घरात ससा आहे, पाखरं आहेत, मासे आहेत, त्या प्रत्येक घरात हे वाक्य कोणाच्या तरी घशात अडकलेलं आहे. मुलांना प्राण्यांबद्दल प्रेम वाटावं म्हणून आपण पिंजरे आणतो आणि मुलांना शिकवतो काय, तर प्रेम आपण करायचं आणि घाण आईने काढायची. हेच पोरगं मोठं होऊन डब्यातली पाटी वाचूनही कडी लावून बसणार. मी तिथल्या तिथे कॅलेंडरवर पाळ्या लिहिल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार नाना. मंगळवार, गुरुवार, शनिवार नातू. रविवार सूनबाईंचा नवरा, ज्यांचा ओला टॉवेल मी वर उल्लेखला. नाना "बघू" म्हणाले. आपल्या भाषेत हा नकारार्थी शब्द आहे, पण ताई खुर्ची टाकून पुढेच बसल्या होत्या.

आठव्या दिवशी लेंड्या घमेल्यात पडू लागल्या, वीस-बाविसाव्या दिवशी घमेल्याबाहेर शोधून सापडेनात. वास गेला. शेजारचे बोलायचे थांबले. मग महिन्याभराने शेजारचे पुन्हा बोलायला आले, पण आवाज निराळा होता. ताईंच्या कुंडीतला कढीपत्ता आणि गावठी गुलाब असे फुटले होते की त्यांना राहवेना. सशाची लेंडी न कुजवता तशीच कुंडीत घालता येते, ती झाडाला जाळत नाही. (मांजराची मात्र भाजीच्या वाफ्यात घालू नका, त्यातून माणसाला रोग होऊ शकतो.)

"नाना, थोडी लेंडी मिळेल का हो? आमच्या जास्वंदीला."

परवा फोनवर ताई सांगत होत्या, नाना आता रोज सकाळी घमेलं स्वतःच उचलतात, नातवाच्या वारी सुद्धा. शेजाऱ्यांना त्यांनी आठवड्याला एक डबडं कबूल केलं आहे, बदल्यात त्यांच्या दारचं नारळाचं झाड वर्षाला चार नारळ देणार. शेजारी तीनवर अडलेत. नानांचं म्हणणं, एवढ्या स्वच्छ सशाची लेंडी तालुक्यात दुसरीकडे मिळून दाखवा.